सरांचा सॉलिट्यूड

आमच्या सरांना एकांत फार प्रिय. ही गोष्ट ते दिवसातून निदान वीस माणसांना थांबवून सांगत.

सांगायची जागाही त्यांनी बरोबर हेरलेली होती. नायगावच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, संडासाच्या बाजूने तिसरं दार त्यांचं. सकाळी बादली घेऊन निघालेला प्रत्येक माणूस त्यांच्या दारावरूनच जाणार आणि त्यांच्या दारावरूनच परत येणार. जाताना निसटला तर येताना सापडणारच. लुंगी, बनियन, चष्म्याची दोरी गळ्यात आणि हातात चहाचा स्टीलचा मग असे सर उंबऱ्यात उभे. "काय रे, एकटाच निघालास?" माणूस म्हणायचा, "हो सर." की सर सुरू. "एकटा म्हणजे काय? अलोन की लोनली? विचार करून सांग." आता पोटात कळ आलेल्या माणसाने विचार तो काय करायचा? पण सर उत्तर घेतल्याशिवाय सोडत नसत. चाळीतल्या चार-पाच जणांनी तर याच कारणासाठी पहाटे साडेचारला उठायची सवय लावून घेतली होती.

सर म्हणजे कुठल्या शाळेतले सर नव्हेत. फोर्टात एका बोटकंपनीच्या ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळायचे, उभा जन्म परदेशी कंपन्यांना पत्रं टाइप करण्यात गेला. एका खोलीत अकरा माणसांत वाढले. पुढे आईवडील गेले, भाऊ लग्नं करून विरार-डोंबिवलीकडे पांगले, बहिणी सासरी गेल्या, आणि खोलीत हे एकटे उरले. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून विचारलं तर म्हणायचे, "आय व्हॅल्यू माय सॉलिट्यूड." आमची आई म्हणायची, मुलगी बघायला गेले असतील आणि तिलाही अलोन की लोनली विचारलं असेल.

रिटायर झाल्यावर त्यांनी खोलीत इंग्रजी बोलण्याचा क्लास काढला. आम्ही आठ-दहा जणं चटईवर, सर खुर्चीत. टेन्स शिकवले, आर्टिकल शिकवले, नाही म्हणत नाही. पण त्यांचा जीव अडकला होता तो माणसाच्या एकटेपणासाठी इंग्रजीत जे शब्द आहेत त्यांच्यात. दुसरे मास्तर मुलांना फळांची नावं शिकवतात, आम्ही ही शिकलो.

"अलोन म्हणजे शिरगणती," सर सांगायचे. "खोलीत डोकी किती? एक. झालं, अलोन. त्यात सुखही नाही, दुःखही नाही. लोनली म्हणजे तक्रार. ती भरल्या पंगतीत बसूनसुद्धा करता येते. आयसोलेशन म्हणजे दुसऱ्याने दिलेली शिक्षा. आणि सॉलिट्यूड," इथे ते डोळे मिटत, "सॉलिट्यूड म्हणजे चैन. स्वतः मागून घेतलेली."

रिक्लूज म्हणजे दार लावून बसणारा श्रीमंत माणूस. गरिबाने दार लावलं तर त्याला माणूसघाणा म्हणतात, हे सरांचं मत. हर्मिटला गुहा लागते, आणि नायगावात गुहा नाही, फक्त मीटरची खोली आहे, तिथे उंदरांनी आधीच जागा धरलेली. अलूफ म्हणजे जवळ असून लांब राहणारा. उदाहरणार्थ, गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली की मोरीत शिरून नळ सोडणारा. अशी उदाहरणं असल्यावर शब्द डोक्यात न बसून सांगतात कुणाला!

एकदा मी म्हटलं, "सर, मराठीतपण आहेत की. एकटा, एकाकी, एकलकोंडा."

"सगळी एका आईची पोरं," सर म्हणाले. "सगळ्यांचं नाव एकने सुरू. इंग्रजाने बघ, प्रत्येकाला वेगळी खोली दिली आहे." अलोन, लोनली आणि लोनर हे तिघे सख्खे भाऊ आहेत आणि एकाच खोलीत राहतात, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मी ते सरांना सांगितलं नाही. सरांशी वाद घातला की सर खूश होऊन क्लास अर्धा तास लांबवायचे. आणि एकांत या शब्दाचं म्हणाल तर चाळीत तो फक्त नव्या जोडप्यासाठी वापरला जाई. "त्यांना जरा एकांत द्या" म्हटलं की घरातली सगळी माणसं मुकाट्याने गच्चीवर झोपायला जात. सरांनी "मला एकांत आवडतो" असं मराठीत म्हटलं असतं तर बायका तोंडाला पदर लावून हसल्या असत्या. म्हणून बिचारे सॉलिट्यूड म्हणत.

गुढीपाडव्याला सर चाळीतल्या माणसांना एकेक शब्द वाटायचे. लोक एकमेकांना श्रीखंड देतात, हे चिठ्ठी देत. वर्षभर माणसाचं निरीक्षण करून, त्याचा एकटेपणा कुठल्या जातीचा आहे ते ठरवून, सुंदर अक्षरात लिहिलेला इंग्रजी शब्द. लोकांना त्याचा अर्थ कळायचा नाही, पण राशिभविष्यासारखी वाट बघायचे. तळमजल्यावरच्या रिटायर हवालदारांना एका वर्षी सॉलिटरी, म्हणजे कैद्याची एकट्याची कोठडी, मिळालं. त्यांनी ते फ्रेम करून पोलीस मेडलच्या शेजारी टांगलं आणि पाहुण्यांना सांगू लागले की हे इंग्लंडमधून आलंय.

याच चिठ्ठ्यांपायी एकदा रामायण झालं. आमच्या पॅसेजच्या टोकाला एक काकी राहायच्या. मुलगे, सुना, नातवंडं मिळून खोलीत नऊ माणसं. सरांनी त्यांना चिठ्ठी दिली, लोनली. नातवाने शाळेतलं इंग्रजी वापरून अर्थ सांगितला. काकी पिठाच्या हातांनी तशाच बाहेर.

"नऊ माणसं झोपतात माझ्या खोलीत! कूस बदलायची तर दुसऱ्याला विचारावं लागतं! आणि मी लोनली? तुझ्या जिभेला काही हाड आहे की नाही रे मेल्या?"

सगळा मजला जमला. सर उंबऱ्यात उभे, एक हात वर. "काकी, मी शिरगणती सांगत नाहीये."

"शिरगणती गेली खड्ड्यात!" काकींनी चिठ्ठी फाडली, तुकडे सरांच्या मगात टाकले आणि गेल्या. पुढे चार दिवस चाळीला दुसरा विषय नव्हता.

पण त्याच दिवशी संध्याकाळी मी क्लासला जरा लवकर गेले होते. काकी आल्या. आत आल्या नाहीत, चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "पण तुला कसं कळलं रे?"

मला वाटलं सर आता डोळे मिटून काहीतरी झकास बोलणार. कसलं काय! माणूस पार गडबडला. चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि बिस्किटाचा डबा काढून त्यांच्यापुढे धरला. काकींनी एक बिस्कीट घेतलं, पदरात ठेवलं आणि निघून गेल्या. सरांना दुसऱ्याचं दुखणं ओळखता यायचं, नाव देता यायचं. पुढे काय करायचं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. हे मला तेव्हा नाही, खूप उशिरा समजलं.

आता दाराची गोष्ट. चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. दार बंद दिसलं तर कारणं तीनच. नवं लग्न, आतलं भांडण, नाहीतर मयत. एका गुरुवारी दुपारी तीन वाजता सरांचं दार बंद. पॅसेजमध्ये बायकांची मसलत बसली. सरांचं लग्न झालेलं नाही. भांडायला आत दुसरं माणूस नाही. मग राहिलं काय? हाका मारल्या, उत्तर नाही. काकी तर कपाळाला हात लावून बसल्या, माझ्या शिव्या लागल्या म्हणाल्या. तळमजल्यावरचे हवालदार पहार घेऊन वर आले. एक उत्साही माणूस बांबूंची चौकशी करायला खालीसुद्धा गेला.

तीन दणक्यांत कडी निघाली, दार उघडलं आणि आतून "अयाई गं!" असा आवाज आला. सर दाराच्या अगदी मागे उभे होते. फटीला डोळा लावून. दाराची फळी नाकावर बसून रक्त आलेलं, आणि त्या अवस्थेत हा माणूस ओरडतोय, "आय वॉज इन सॉलिट्यूड!"

"मग फटीतून काय बघत होतात?" आईने विचारलं.

सर नाक धरून मोरीत शिरले. दुसऱ्या दिवसापासून मात्र दाराला पुठ्ठ्याची पाटी लागली, तीन ते चार सॉलिट्यूड, कोणी येऊ नये. लोक शहाणे, कोणी जाईना. चारच्या ठोक्याला सर दार उघडत आणि समोर जो दिसेल त्याला विचारत, "माझ्याकडे कोण येऊन गेलं?" कोणी नाही म्हटलं की संध्याकाळी क्लासमध्ये आमची चंपी. दोन पानं डिक्टेशन आणि वर टोमणे. शेवटी आम्हीच पाळी लावली. रोज एकाने साडेतीनला जाऊन पाटी वाचल्यासारखं करायचं, दोनदा खोकायचं आणि परत यायचं. त्या दिवशी सर प्रसन्न असत.

हसायला ठीक आहे, पण माझी भाकरी या माणसाने दिलेली आहे. विमा कंपनीच्या मुलाखतीत साहेबांनी मला विचारलं होतं की एकटीने काम करायला जमेल का. माझ्या आधीच्या मुलींनी येस सर म्हटलं होतं. मी अलोन आणि आयसोलेटेड यातला फरक सांगून, मला पहिलं चालेल, दुसरं तुम्ही करू नका, असं इंग्रजीत सुनावलं. साहेब हसले आणि नोकरी दिली. पेढे घेऊन गेले तर सर म्हणाले, "वाक्य कुठलं वापरलंस ते आधी सांग." पेढा मागाहून खाल्ला.

मग शेजारच्या चाळी पडल्या, तिथे टॉवर उभे राहिले आणि आमची पाळी आली. घरं सोडतीने. चिठ्ठी निघेल तो मजला. आमच्या पॅसेजमधल्या चार घरांना योगायोगाने नववा मजला लागला, आम्ही त्यातलेच. आम्ही म्हणजे मी आणि आई, दोघीच. सरांना लागला सतरावा. आजूबाजूला सगळी दुसऱ्या चाळींतली माणसं, ओळखीचं कुत्रं नाही. किल्ल्या मिळायच्या आधी दोन घरांनी राजीखुशीने लिहून दिलं तर चिठ्ठ्या बदलून मिळत होत्या. मुदत पंधरा दिवसांची.

सर आमच्याकडे आले. इतक्या वर्षांत प्रथमच आत येऊन बसले, एरवी त्यांचं सगळं उंबऱ्यात. म्हणाले, "क्लासचा प्रश्न आहे. सतराव्यावर पोरांना पाठवायला आया कचरतील. नवव्यावर कोणी बदलून देतंय का, बघशील? माझं काही नाही. मला काय, कुठेही सॉलिट्यूडच."

मी तिन्ही घरी गेले. पहिले म्हणाले, सरांसाठी जीव देऊ, पण वास्तू बघून घेतलीय. दुसरे म्हणाले, सर म्हणजे देवमाणूस, पण सुनेला उंचीची भीती. तिसरे जरा खरे निघाले. म्हणाले, "अहो, इथे पॅसेज मोठा होता म्हणून चाललं. नवव्यावर लिफ्टसमोरच हा माणूस उभा राहणार. ऑफिसला रोज लेट मार्क लागेल." वरच्या घराचा भाव जास्त, खाडी दिसते, वारा येतो, हे सगळं मी सांगून पाहिलं. सरांच्या गुणांवर बोलायला सगळे तयार, सरांच्या शेजारी राहायला कुणीच नाही.

राहिलो आम्ही. सरांनी आमचं नाव काढलं नव्हतं. फक्त जाताना म्हणाले होते, "सतराव्यावरून शिवडीची खाडी दिसते म्हणे. तुझ्या आईला आवडेल."

आईला विचारलं. आई आमची मालवणची, राग आला की तिथलीच होते. "खाडी काय मी आज बघतंय? सतराव्यार जावन घारींवांगडा बोलू काय? माका माझी माणसां होयी. तेका सांग, नाय जमायचा."

चुकीचं नव्हतं तिचं, आपली माणसं सोडून वर घारींशी बोलायला कोण जाणार? पण सांगायला मला जायचं होतं. सर तांदळाच्या गोणीत पुस्तकं भरत होते. मराठीत सांगितलं असतं तर आवाज कापला असता, म्हणून मी इंग्रजीत शिरले. म्हटलं, "सर, ॲट लास्ट यू विल हॅव परफेक्ट सॉलिट्यूड."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "करेक्ट," म्हणाले. "वाक्य करेक्ट आहे. ती सुतळी दे जरा."

मी सुतळी दिली आणि घरी आले. लाज वाटायला हवी होती. खोटं कशाला बोलू, वाटली नाही. उलट कसं सफाईने निभावलं म्हणून सुटल्यासारखं वाटलं.

टॉवरमध्ये गेलो. लोखंडी जाळीचं एक दार, लाकडाचं एक दार, दाराला बारीक भिंग. आईची माणसं तिथेच, दहा पावलांवर, पण एसी लावले म्हणून सगळ्यांची दारं बंद. हळदीकुंकवाला जायचं तरी आधी फोन. महिन्याभरात आई टीव्हीसमोर बसून मालिकेतल्या सासूला शिव्या द्यायला लागली. घारी नव्हत्या, एवढाच फरक.

आणि सर? सरांनी लिफ्ट शोधून काढली.

दुपारी दोन वाजता हा माणूस प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन लिफ्टमध्ये शिरायचा, बटणांखाली कोपऱ्यात बसायचा आणि सात वाजेपर्यंत खालीवर करायचा. "कितवा?" विचारायचं, बटण दाबायचं आणि मजला येईपर्यंत एक शब्द शिकवायचा. तिसऱ्यावाल्यांना छोटे शब्द, विसाव्यावाल्यांना फॉरलॉर्न, म्हणजे सगळ्यांनी टाकून दिलेला. पोरांना मजा वाटे. दिवसभर शेकडो माणसं वापरतात त्या लिफ्टमध्ये बसून सर सॉलिट्यूडवर बोलत, आणि आपण काय करतोय याची त्यांना तिळमात्र शंका येत नसे.

आमच्या घरातही काहीतरी शिजत होतं. आई सकाळी कोथिंबीर आणायला खाली जायची. दुपारी लिंबू. चार वाजता मिरची. साडेपाचला आठवायचं की आलं राहिलं. "एकदाच आण ना सगळं," मी म्हटलं. "ताजा बरा असता," आई म्हणाली. फ्रिजमध्ये सात लिंबं पडली होती.

पण चाळीतली माणसं सरांना ओळखत होती, टॉवरमधली ओळखत नव्हती. बाराव्यावर एक नवी सून आलेली. सरांनी तिला पहिल्याच फेरीत विचारलं, "घरी एकट्याच असता का दुपारी?" सरांना पुढे अलोन की लोनली विचारायचं होतं, हे आम्हाला कळतं. त्या मुलीला कसं कळावं? तिच्या सासूने सोसायटी डोक्यावर घेतली. त्यात कुणाची व्हीलचेअर स्टुलाला अडकली. कुरिअरवाले कंटाळलेले होतेच.

सेक्रेटरी माझ्याकडे आले. "मॅडम, तुमचं इंग्लिश एक नंबर. जरा नोटीस लिहून द्या. कडक, पण सभ्य."

मी सांगू शकले असते की मी जाऊन बोलते. मराठीत, सरांच्या शेजारी स्टूल टाकून, की सर, इथे असं विचारत नाहीत. अर्ध्या तासाचं काम. पण ऑफिसातून दमून आले होते, सेक्रेटरी मॅडम मॅडम करत होता, आणि आपलं इंग्रजी एक नंबर आहे हे ऐकायला कुणाला आवडत नाही? वीस मिनिटांत लिहिली. इट हॅज कम टू अवर नोटीसने सुरुवात केली, जशी सर बोटकंपनीच्या पत्रांची करत. लिफ्टमध्ये बसण्यास, रहिवाशांना व्यक्तिगत प्रश्न विचारण्यास मनाई, उल्लंघन झाल्यास कारवाई. खाली सही सेक्रेटरींची. मी कुणालाच काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता लिफ्ट रिकामी होती. तिसऱ्या दिवशीही. आई कोथिंबीर, लिंबू, मिरची, आलं सगळं एका पिशवीत घेऊन आली आणि पिशवी ओट्यावर आपटली. "सर खंय गेले?"

"असतील घरी. आवडतो त्यांना एकांत," मी म्हटलं.

मी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

दहाव्या दिवशी वॉचमनने माझ्या नावाचं पाकीट आणून दिलं. आत तीच नोटीस. हिरव्या शाईत तपासलेली. एका ठिकाणी स्वल्पविराम घातलेला, एका वाक्याखाली रेघ आणि बाजूला "व्हेरी गुड". खाली दहापैकी नऊ. आणि त्याखाली त्या सुंदर अक्षरात एक ओळ इंग्रजीत, की एक मार्क कापला आहे, कारण जिने लिहिलं तिची सही नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

"नऊ मार्क दिलेत."

"कसले?"

मग सांगावं लागलं. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गॅस बंद करून माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "मी त्याला वर धाडला आणि तू कोंडून घातलास. शाण्या आहोत दोघी."

मला रडू आलं. दहा दिवस जे खाली दाबून ठेवलं होतं ते सगळं आलं. तोंड धुतलं, पेन घेतलं, नोटिशीखाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली. आधी सेक्रेटरीकडे गेले. सांगितलं की हे मी लिहिलंय, चूक केली, मागे घ्या. ते म्हणाले, "मॅडम, कमिटीचा ठराव झालाय. तुमच्या सहीने काय होतंय?" काहीच होत नव्हतं. तशीच लिफ्टमध्ये शिरून सतराव्यावर गेले. आई मागोमाग आली, मी बोलावलं नव्हतं.

बेल वाजवली. सरांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, बनियन मात्र स्वच्छ. कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून सही वाचली, पूर्ण नाव बघून मान हलवली.

"लेट सबमिशन," म्हणाले. "मार्क वाढणार नाही."

"नकोत मार्क. सर, माझं चुकलं." इंग्रजीतलं एकही वाक्य आठवेना, आणि आठवलं असतं तरी वापरणार नव्हते. "स्टुलाचं काही जमलं नाही. सेक्रेटरी ऐकत नाही."

"बघू ते," सर म्हणाले. आत वळले, परत थांबले. इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारणारा माणूस, पण हा प्रश्न विचारायला त्याला चक्क घसा खाकरावा लागला. "चहा ठेवतोय मी. एक कप ठेवू की दोन?"

"तीन," माझ्या मागून आई म्हणाली, "आणि पातेलं आधी घासून घ्या."